मॅकवर कंटेनर चालवण्यासाठी कोलिमा : डीबगिंगच्या नजरेतून परीक्षण

कोलिमाची ओळख बहुतेकांना 'डॉकर डेस्कटॉपला मोफत पर्याय' अशी होते, आणि ती ओळख चुकीची नाही. कंटेनर म्हणजे ॲप आणि त्याला लागणारे सगळे एकत्र बांधून वेगळ्या कप्प्यात चालवण्याची पद्धत; डॉकर डेस्कटॉप आणि कोलिमा ही मॅकवर ती वापरण्याची साधने आहेत. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी डॉकर कंपनीने डॉकर डेस्कटॉपच्या वापराच्या अटी बदलल्याचे जाहीर केले. २५० पेक्षा अधिक कर्मचारी किंवा वर्षाला एक कोटी डॉलरपेक्षा अधिक उत्पन्न असलेल्या कंपन्यांना त्यासाठी पैसे मोजावे लागू लागले, आणि पुण्या-मुंबईतल्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या या मर्यादेच्या सहज पुढे जात असल्याने तिथल्या विकसकांसमोर पर्यायाचा प्रश्न उभा राहणे स्वाभाविक होते. कोलिमा त्याच वर्षी आला, त्याचा परवाना एमआयटी आहे आणि त्यासाठी कोणालाच पैसे द्यावे लागत नाहीत. या परीक्षणात मात्र पैशांचा मुद्दा मी इथेच सोडतो. वेब ॲप्लिकेशन कंटेनरमध्ये आहे, कंटेनर व्हर्च्युअल मशीनमध्ये (मॅकच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात) आहे, ब्राउझर मॅकवर आहे आणि पान उघडत नाही, अशा वेळी हे साधन आपल्याला दोषाच्या ठिकाणापर्यंत पोहोचू देते की नाही, या एकाच कसोटीवर मी ते पाहिले आहे. साधन किती सेकंदांत सुरू होते याची चर्चा पुष्कळ होते. परंतु विकसकाचे तास सुरू होण्यात जात नाहीत, ते शोधण्यात जातात.

कंटेनर ही लिनक्स कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, सोय आहे. प्रक्रियांना एकमेकींपासून वेगळे ठेवणारे नेमस्पेस आणि त्यांच्या सीपीयू-मेमरीवर मर्यादा घालणारे सीग्रुप या कर्नलच्या सुविधांवर ती उभी असल्याने लिनक्स कर्नल नसलेल्या मॅकवर आधी एक लिनक्स व्हर्च्युअल मशीन चालवावे लागते आणि कंटेनर त्याच्या आत चालतात. डॉकर डेस्कटॉपही हेच करतो, फक्त ते मशीन वापरणाऱ्याच्या नजरेआड ठेवतो. कोलिमा हे मशीन स्वतः उभे करत नाही. ते काम लिमा नावाचा प्रकल्प करतो, आणि कोलिमा त्यावर डॉकर किंवा कंटेनरडी (दोन्ही कंटेनर चालवणारी साधने) बसवून एका कमांडमध्ये सगळे तयार करून देतो. लिमाची सुरुवात २०२१ मध्ये अकिहिरो सुदा यांनी केली आणि २०२२ मध्ये हा प्रकल्प क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशन या मुक्त स्रोत प्रकल्प सांभाळणाऱ्या संस्थेत दाखल झाला. ही पार्श्वभूमी वरवर कोरडी वाटेल, पण डीबगिंगच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे, कारण कोलिमातील पोर्ट (सेवेचा क्रमांक असलेला दरवाजा), माउंट (मॅकवरचा फोल्डर आत जोडणे) आणि नेटवर्क यांच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे कोलिमाच्या नव्हे तर लिमाच्या दस्तऐवजांत आणि लिमाच्या लॉगमध्ये सापडतात. नव्याने वापरणारा माणूस नेमका तिथे पाहत नाही.

ब्राउझरमध्ये लोकलहोस्टवर, म्हणजे आपल्याच मॅकच्या पत्त्यावर, ८०८० हा पोर्ट टाकल्यावर विनंती कोणत्या वाटेने जाते, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे. मॅकवर लिमाची एक प्रक्रिया त्या पोर्टवर कान देऊन बसलेली असते. ती विनंती उचलून व्हर्च्युअल मशीनमध्ये पोहोचवते. तिथे डॉकरने ८०८० हा पोर्ट उघडलेला असतो. तो विनंती डॉकरच्या ब्रिज नेटवर्कवर, म्हणजे सामान्यतः १७२.१७ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांच्या जाळ्यात, ढकलतो. शेवटी कंटेनरच्या स्वतःच्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये ऐकत असलेल्या प्रक्रियेपर्यंत ती जाते. या वाटेवर किमान तीन ठिकाणी कोणीतरी पोर्ट उघडून बसलेले आहे, आणि तिघांनाही एकमेकांच्या अडचणींची कल्पना नसते. कंटेनरच्या यादीत पोर्टसमोर बाण दिसला म्हणजे रस्ता मोकळा आहे, असे पुष्कळ जण धरून चालतात. ती यादी डॉकरची आहे आणि डॉकर व्हर्च्युअल मशीनच्या आत आहे. मॅकवर काय घडले याची बातमी त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

यातील पहिला टप्पा, म्हणजे मॅक ते व्हर्च्युअल मशीन, कोलिमा आपोआप जोडून देतो. लिमाचा एक छोटा एजंट मशीनच्या आत राहतो, कोणते पोर्ट उघडले जात आहेत यावर लक्ष ठेवतो आणि नवा पोर्ट दिसला की मॅकच्या बाजूला तोच पोर्ट उघडायला सांगतो. व्हेग्रंट या व्हर्च्युअल मशीन उभे करणाऱ्या जुन्या साधनाच्या काळात प्रत्येक पोर्ट फाइलमध्ये लिहून मशीन पुन्हा सुरू करावे लागत असे. त्या तुलनेत ही सोय फार मोठी आहे आणि तिचे मनापासून कौतुक केले पाहिजे. दोष एवढाच, की जोडणी फसली तर ती मुकाट्याने फसते. मॅकवर तो पोर्ट दुसऱ्या कोणी आधीच घेतलेला असेल, तर लिमा त्याची नोंद स्वतःच्या लॉगमध्ये करतो आणि पुढे जातो. डॉकरची कमांड मात्र यशस्वी झालेली असते, कारण मशीनच्या आत पोर्ट खरोखरच मोकळा होता.

पोर्ट ५००० हे याचे सर्वांत ओळखीचे उदाहरण आहे. मॅकओएस मॉन्टेरेपासून एअरप्ले रिसीव्हर (दुसऱ्या उपकरणावरचे चित्र-आवाज मॅकवर घेणारी सुविधा) हा पोर्ट वापरतो, आणि फ्लास्क या पायथॉनच्या वेब चौकटीचा नेहमीचा पोर्टही ५००० च आहे. अशा मॅकवर लोकलहोस्टवरचे फ्लास्क ॲप उघडू पाहणाऱ्याला ब्राउझरमध्ये ४०३ (परवानगी नाही) असे उत्तर मिळू शकते. माणूस साहजिकच आपल्या ॲपमधील परवानग्या, सत्रे आणि मिडलवेअर तपासू लागतो, आणि ती विनंती ॲपपर्यंत कधी पोहोचलीच नव्हती हे लक्षात यायला बराच वेळ जातो. उत्तराचे हेडर, म्हणजे उत्तरासोबत येणारी माहिती, पाहिले तर सर्व्हरच्या नावासमोर एअरट्यून्स असे लिहिलेले दिसते आणि उलगडा होतो. मी तर असे सुचवेन की अनपेक्षित उत्तर आले की त्याचा मजकूर वाचण्याआधी ते उत्तर कोणी दिले हे हेडरमधून पाहावे.

उत्तर येणारच नसेल, तर ते कसे येत नाही याकडे लक्ष द्यावे लागते, आणि मध्ये व्हर्च्युअल मशीन आल्यावर या खुणांचा अर्थ बदलतो. साध्या लिनक्सवर 'कनेक्शन नाकारले' याचा अर्थ ॲप ऐकत नाही असा होतो. कोलिमात मॅकवर ऐकणारी प्रक्रिया लिमाची असल्यामुळे 'नाकारले' याचा अर्थ पहिलाच टप्पा जोडलेला नाही असा होतो. उलट, जोडणी स्वीकारली गेली, पण रिकामे उत्तर आले किंवा जोडणी मध्येच तुटली, तर पहिला टप्पा शाबूत आहे आणि खोट त्याच्या पलीकडे आहे. केवळ या एका फरकामुळे अर्धे काम हलके होते.

रिकाम्या उत्तराचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे ॲपने कंटेनरच्या आत १२७.०.०.१ या पत्त्यावर पोर्ट उघडणे. हा लूपबॅक, म्हणजे स्वतःशीच बोलण्याचा पत्ता, प्रत्येक कंटेनरचा स्वतःचा असतो. डॉकरने बाहेरून आणलेली विनंती कंटेनरच्या दुसऱ्या इंटरफेसवर येते आणि तिथे ऐकणारे कोणी नसते. जँगोचा विकासासाठीचा सर्व्हर, फ्लास्कचा सर्व्हर आणि व्हाइट हे फ्रंटएंडचे साधन हे तिन्ही सुरक्षिततेच्या योग्य विचारातून मुळात लोकलहोस्टवरच ऐकतात, त्यामुळे कंटेनरमध्ये चालवताना त्यांना ०.०.०.० या, म्हणजे सर्व इंटरफेसच्या, पत्त्यावर ऐकायला स्पष्टपणे सांगावे लागते. ही चूक साध्या डॉकरमध्येही होते. पण कोलिमात ती शोधताना संशय आधी व्हर्च्युअल मशीनवर जातो आणि माणूस मशीन पुसून नवे तयार करण्यापर्यंत मजल मारतो. त्याने काहीच साधत नाही.

इथेच कोलिमाचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा गुण पुढे येतो. एका कमांडने, एसएसएचवरून (दुसऱ्या मशीनवर टर्मिनल उघडण्याच्या पद्धतीने), आपण थेट व्हर्च्युअल मशीनमध्ये जाऊ शकतो आणि आत एक नेहमीचे, ओळखीचे लिनक्स असते. म्हणजे विनंती पाठवून उत्तर दाखवणारी एकच कर्ल कमांड तीन ठिकाणांहून चालवता येते : कंटेनरच्या आत, व्हर्च्युअल मशीनच्या आत आणि मॅकवर. कंटेनरमध्ये उत्तर येते पण मशीनमध्ये येत नाही, तर बाइंडचा पत्ता (ॲप ज्यावर ऐकते तो) किंवा प्रकाशित केलेला (डॉकरने बाहेर उघडलेला) पोर्ट चुकला आहे. मशीनमध्ये येते पण मॅकवर येत नाही, तर फॉरवर्डिंग (मॅकवरची विनंती मशीनमध्ये पुढे नेणे) फसले आहे आणि लिमाच्या होस्ट एजंटचा लॉग वाचला पाहिजे. कोलिमाच्या लपवलेल्या डिरेक्टरीत लिमाची उपडिरेक्टरी असते, त्यात तो सापडतो. कंटेनरमध्येही येत नाही, तर मशीन आणि नेटवर्क यांना दोष न देता आपला कोड पाहावा. हा क्रम आतून बाहेर असाच ठेवावा. बाहेरून आत जाणारा माणूस प्रत्येक पायरीवर दोन-तीन शक्यता हातात घेऊन पुढे सरकतो, तर आतून बाहेर येणाऱ्याच्या हातात प्रत्येक वेळी एकच उरते.

कंटेनरच्या इमेजमध्ये कर्ल नसेल, शेलही नसेल, तरी अडत नाही. डिस्ट्रोलेस इमेज मुद्दाम तशाच बनवलेल्या असतात. अशा वेळी तपासणीची साधने असलेला दुसरा कंटेनर पहिल्याच्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये सुरू करता येतो. नेटशूट ही इमेज याच कामासाठी प्रसिद्ध आहे. किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये शिरून कंटेनरच्या मुख्य प्रक्रियेचा क्रमांक मिळवावा आणि एनएसएंटर या आदेशाने फक्त तिच्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये प्रवेश करावा. मग मशीनवरची साधने वापरून कंटेनर कोणत्या पत्त्यावर ऐकत आहे हे दिसते. ब्रिजवर टीसीपीडम्प हे नेटवर्कवरची ये-जा दाखवणारे साधन लावून विनंती खरोखर इथवर येते की नाही, हेही पाहता येते. डॉकर डेस्कटॉपमध्ये मशीनच्या आत जायला असा सरळ दरवाजा दिलेला नाही. विशेष अधिकार असलेला कंटेनर चालवून आडवाटेने जावे लागते. रोज कंटेनर वापरणाऱ्या, पण नेटवर्किंगशी फारसा संबंध न आलेल्या विकसकाला कोलिमा या एका कारणासाठीही वापरायला द्यावा, असे माझे मत आहे, कारण कंटेनर म्हणजे नेमके काय हे मशीनमध्ये शिरून प्रक्रियांची यादी पाहिल्यावर जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही आकृतीने होत नाही.

फॉरवर्डिंगवरच संशय असेल तर आणखी एक उपाय आहे. कोलिमा सुरू करताना नेटवर्क ॲड्रेसचा पर्याय दिला की व्हर्च्युअल मशीनला मॅकवरून पोहोचता येईल असा स्वतःचा आयपी पत्ता मिळतो आणि तो कोलिमाच्या यादीत दिसतो. त्या पत्त्यावर पान उघडत असेल आणि लोकलहोस्टवर उघडत नसेल, तर दोष कुठे आहे याबद्दल शंका उरत नाही. फॉरवर्डिंगच्या दोन मर्यादाही लक्षात ठेवाव्यात. एसएसएचवरून होणारे फॉरवर्डिंग फक्त टीसीपीचे असते, त्यामुळे यूडीपीवर चालणाऱ्या एचटीटीपी ३ ची चाचणी त्यातून होत नाही. लिमाचा जीआरपीसीवर आधारलेला फॉरवर्डर यूडीपीही नेतो. दुसरे म्हणजे, विनंती मधल्या प्रक्रियांच्या हातून जात असल्याने ॲपला ब्राउझरचा खरा पत्ता दिसत नाही, डॉकरच्या ब्रिजचा पत्ता दिसतो. पत्त्यानुसार विनंत्यांची संख्या मर्यादित करणारा कोड इथे तपासला तर सगळे वापरकर्ते एकच असल्यासारखे दिसतील, आणि तो निष्कर्ष चुकीचा ठरेल.

डीबगर (चालू कोड थांबवून आत पाहण्याचे साधन) जोडतानाही हीच वाट पार करावी लागते. नोडचा इन्स्पेक्टर नावाचा डीबगर १२७.०.०.१ वर ९२२९ या पोर्टवर ऐकतो. कंटेनरमध्ये त्याला ०.०.०.० सांगावे लागते. जावात नववी आवृत्ती आल्यापासून केवळ पोर्ट क्रमांक दिला तर डीबग पोर्ट लोकलहोस्टपुरताच उघडतो, म्हणून पोर्टच्या आधी तारांकन लिहावे लागते. आठव्या आवृत्तीवरून पुढे गेलेल्या जुन्या प्रकल्पांत 'डीबगर अचानक जोडला जाईना' या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच असते. पायथॉनच्या डीबगपायलाही ऐकण्याचा पत्ता द्यावा लागतो. हे करताना एक काळजी अवश्य घ्यावी. डीबग पोर्ट म्हणजे आपल्या ॲपमध्ये कोणताही कोड चालवण्याची खुली परवानगी आहे, आणि डॉकरला पत्ता न देता पोर्ट प्रकाशित करायला सांगितले तर तो सर्व इंटरफेसवर उघडतो. म्हणून कंटेनरच्या आत ०.०.०.० ठेवावे, पण पोर्ट प्रकाशित करताना बाहेरच्या बाजूला १२७.०.०.१ स्पष्ट लिहावे. कॅफेतील किंवा ऑफिसच्या वायफायवर काम करताना हा फरक किरकोळ नाही. जोडणी झाली, पण ब्रेकपॉइंटवर (थांबायला सांगितलेल्या ओळीवर) कोड थांबत नाही, असे झाल्यास नेटवर्क सोडून मार्गांची जुळणी पाहावी. मॅकवरील फोल्डर आणि कंटेनरमधील फोल्डर यांचे मार्ग वेगळे असतात आणि एडिटरला त्या दोघांची जोडी सांगावी लागते.

फाइलींच्या बाबतीत कोलिमाबद्दल माझे मत थोडे कमी अनुकूल आहे. तो मूळ मांडणीत वापरकर्त्याची होम डिरेक्टरी मशीनमध्ये माउंट करतो. होमच्या बाहेरचा, उदाहरणार्थ बाहेरील डिस्कवरचा, फोल्डर कंटेनरला जोडला तर डॉकर कुरकुर न करता मशीनच्या आत त्या नावाचा रिकामा फोल्डर तयार करतो आणि कंटेनरला तोच मिळतो. ॲप सुरू होते, त्याला फाइली सापडत नाहीत, आणि त्रुटीचा संदेश वाचून इमेजच बिघडली असावी असे वाटते. असा फोल्डर कोलिमाच्या कॉन्फिगरेशनमध्ये माउंटच्या यादीत घालावा लागतो. मुकाट्याने रिकामा फोल्डर देण्यापेक्षा एक इशारा छापला जावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. दुसरा प्रश्न बदल ओळखण्याचा आहे. मॅकवर फाइल जतन केली की तिचा मजकूर मशीनमध्ये दिसतो, पण 'फाइल बदलली' ही कर्नलची सूचना आत पोहोचेलच असे नाही, आणि मग आपोआप पुन्हा लोड होणारा सर्व्हर गप्प राहतो. कोलिमात या सूचना आत पोहोचवण्याचा पर्याय आहे, पण तो प्रायोगिक म्हणून नोंदवलेला आहे. तो पुरेसा ठरला नाही तर व्हाइट किंवा तत्सम साधनांना ठरावीक वेळाने फाइली तपासायला सांगावे. त्यात सीपीयू जास्त खर्च होतो, पण बदल निश्चितपणे दिसतात.

मूळ मांडणीत मशीनला दोन सीपीयू आणि दोन जीबी मेमरी मिळते. फक्त एक छोटे ॲप असेल तर तेवढे चालते. डेटाबेस, शोध इंजिन आणि फ्रंटएंडची बांधणी एकत्र आली की मेमरी अपुरी पडून एखादी प्रक्रिया मारली जाते, आणि कंटेनर १३७ या संकेतांकासह थांबतो. हा आकडा म्हणजे १२८ अधिक ९, म्हणजे प्रक्रियेला सक्तीने थांबवणारा सिग्नल आला. इथे कंटेनरच्या लॉगमध्ये बहुधा काहीच सापडत नाही, कारण प्रक्रियेला शेवटची ओळ लिहायलाही अवधी मिळत नाही. पुरावा मशीनच्या कर्नल लॉगमध्ये असतो आणि तो वाचायला पुन्हा एसएसएचनेच आत जावे लागते. मेमरी वाढवण्यासाठी मशीन थांबवून नव्या आकड्यासह सुरू करणे पुरते.

कंटेनरमधून मॅकवरील सेवेपर्यंत जायचे असेल तर होस्ट डॉट डॉकर डॉट इंटर्नल हे नाव कोलिमातही चालते, त्यामुळे अनेक कंटेनरची मांडणी लिहिलेल्या कंपोज फाइली बदलाव्या लागत नाहीत. सॉकेटच्या, म्हणजे डॉकरशी बोलण्याच्या फाइलच्या, बाबतीत मात्र बदल करावा लागतो : कोलिमाचा डॉकर सॉकेट नेहमीच्या ठिकाणी नसून होम डिरेक्टरीत असतो, म्हणून चाचण्यांसाठी कंटेनर उभे करणारी टेस्टकंटेनर्ससारखी साधने 'डॉकर सापडत नाही' असे सांगतात आणि त्यांना सॉकेटचा मार्ग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने द्यावा लागतो. ॲपल सिलिकॉनवर इंटेलसाठी बांधलेली इमेज चालवायची असेल, उदाहरणार्थ मायएसक्यूएल ५.७ ची अधिकृत इमेज, तर ॲपलची व्हर्च्युअलायझेशन चौकट आणि रोझेटा (इंटेलचा कोड ॲपल सिलिकॉनवर चालवणारा अनुवादक) निवडावे. त्यासाठी मॅकओएस १३ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या क्यूईएमयूच्या अनुकरणाखाली इमेज चालते, पण संथपणे, आणि जीडीबी किंवा एसट्रेस यांसारखी प्रक्रियेच्या आत पाहणारी साधने तिथे उपयोगी पडत नाहीत, कारण ज्या सिस्टम कॉलवर ती अवलंबून आहेत तो तिथे उपलब्ध नसतो. ऑफिसच्या व्हीपीएनचे पत्ते आणि डॉकरच्या ब्रिजचे पत्ते एकच निघाले तर डॉकरचा पट्टा कोलिमाच्या कॉन्फिगरेशन फाइलमधून बदलता येतो.

ज्यांना टर्मिनल नकोसे वाटते त्यांच्यासाठी कोलिमा नाही. त्याला खिडकी नाही आणि कंटेनरची चित्रमय यादी नाही. असे वापरकर्ते रँचर डेस्कटॉप पाहू शकतात, मॅकवर त्याच्या तळाशीही लिमाच आहे. ऑर्बस्टॅक हा आणखी एक पर्याय प्रत्येक कंटेनरला स्वतंत्र डोमेन नाव देतो, त्यामुळे पोर्टच्या टकरी मुळातच टळतात, आणि वेब विकसकासाठी ही सोय खरोखर मोलाची आहे. व्यावसायिक वापरासाठी मात्र त्याचे शुल्क आहे. ज्यांच्या टीममध्ये विंडोज वापरणारेही आहेत त्यांनी हे लक्षात घ्यावे की कोलिमा मॅक आणि लिनक्ससाठी आहे, त्यामुळे एकच मांडणी सर्वांना देता येणार नाही.

कोलिमाच्या विकसकांकडे माझी एक मागणी आहे. मशीनची स्थिती दाखवणाऱ्या कमांडमध्ये कोणते पोर्ट मॅकवर जोडले गेले आणि कोणते जोडता आले नाहीत, याची यादी त्यांनी छापावी. ही माहिती लिमाच्या लॉगमध्ये आजही असते. ती फक्त वापरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आणायची आहे. तोपर्यंत पोर्ट ५००० वरची पुढची ४०३ पाहणाऱ्याला तो लॉग स्वतःच उघडावा लागेल.